धरणातल्या माशांचा हिशेब

इंग्लंडात धरणाच्या पाण्यात ट्राउटसाठी गळ टाकायचा तर दोन कागद खिशात लागतात. एक सरकारी परवाना आणि दुसरा त्या जलाशयाचे त्या दिवसाचे तिकीट. किती मासे घरी न्यायचे, ते या तिकिटावर ठरलेले असते. संध्याकाळी काठावर परतल्यावर किती पकडले, किती सोडले, किती नेले हे एका चिठ्ठीवर लिहून द्यायचे. काहीच मिळाले नसेल तर शून्य लिहायचे, पण चिठ्ठी द्यायची. बँकेत तेहतीस वर्षे व्हाउचरे तपासत बसलेल्या माणसाला परक्या मुलुखात इतके घरच्यासारखे दुसरीकडे कुठे वाटले नाही!

माझी मुलगी लेस्टरला असते. तिथून तासाभराच्या आत रटलंड वॉटर नावाचा जलाशय आहे. २०२३ च्या मे महिन्यात जावयाच्या ओळखीच्या एका निवृत्त शाळामास्तरांनी मला त्यांच्याबरोबर दिवसभरासाठी होडीत घेतले. जलाशय १९७० च्या दशकात एम्पिंगहॅमजवळ मातीचा बांध घालून झाला. वेलंड आणि नेन या दोन नद्यांचे पाणी पंपाने उचलून त्यात सोडतात. पृष्ठभागाच्या मोजमापाने इंग्लंडातला हा सर्वांत मोठा जलाशय. अभिमानाने त्यांनी मला तो दाखवला. मी मनातल्या मनात घनमीटरांचे टीएमसी केले तर आकडा साडेचारच्या आतच आला. आपली उजनी काठोकाठ भरली की एकशे सतरा! अर्थात हे मी बोललो नाही. पाहुण्याने काही रीतभात पाळावी.

होडीत पाय ठेवण्याआधी जीवरक्षक जाकीट चढवावे लागले. ते सक्तीचेच आहे. मग छोट्या इंजिनावर वाऱ्याच्या वरच्या अंगाला जायचे, इंजिन बंद करायचे, होडी वाऱ्याला आडवी करायची आणि पाण्यात एक कापडी छत्री सोडायची. ही छत्री पाणी धरून ठेवते, त्यामुळे होडी वाऱ्याबरोबर पण सावकाश, बैलगाडीच्या चालीने सरकते. दोघांनी शेजारी बसून पुढच्या पाण्यात दोर फेकायचा. ट्राउटसाठी इथे गांडूळ चालत नाही, कणकेची गोळीही चालत नाही. पीस, लव आणि रेशमी धागा गळावर गुंडाळून केलेली खोटी माशी तेवढी चालते. माशी लावून मासा धरायचा, अशी ही आपल्या भाषेत आपोआप जमणारी कोटी! मास्तरांच्या डबीत अशा शंभरेक माश्या असतील. मे महिन्यात तळाच्या चिखलातून डासासारखे किडे कोश फोडायला वर येतात, त्यांची नक्कल त्यांनी मला बांधून दिली. "घाई करू नका. किडा स्वतःहून वर येतो तसाच तो यायला हवा," एवढाच त्यांचा उपदेश.

चार तास काही झाले नाही. वारा बोचरा होता आणि थर्मासातला चहा संपला होता. मग दुपारी ढग आले, पाण्यावर वर्तुळे उठू लागली आणि तासाभरात त्यांना चार, मला एक मासा मिळाला. मासा जाळीत येताच एका छोट्या जड दांडक्याने डोक्यावर एकच घाव घालायचा. त्या दांडक्याला तिथे 'प्रीस्ट' म्हणतात, म्हणजे पाद्री. अंत्यसंस्कार तोच करतो म्हणून. नुसता दमवून मासा परत सोडण्यापेक्षा हे मला बरे वाटले. खायचे आहे म्हणून मारले, हे समजते. छंदासाठी एखाद्या जीवाची दमछाक करून वर दयाळूपणाचे समाधान घ्यायचे, हे मला कधी पटलेले नाही. चवीबद्दल विचाराल तर रवा लावून तळलेला ट्राउट बरा लागतो. बायको मालवणकडची आहे, तिने "बरा आहे" म्हटले. याहून जास्त कौतुक सरंगा सोडून इतर माशांच्या वाट्याला तिच्याकडून येत नाही.

इंद्रधनुषी ट्राउट मूळचा उत्तर अमेरिकेतला. तो तळ्यांत वाढवून इथे आणून सोडतात. म्हणजे आधी भरणा, मग पैसे काढणे. यात कसली शिकार, असे कुणी म्हणेल. मला मात्र त्यातला प्रामाणिकपणा आवडला. किती सोडले हे माहीत, किती काढले हे चिठ्ठ्यांवरून माहीत. उरले किती याचा अंदाज बांधता येतो. शिलकीची कुणाला तरी काळजी असते.

जलाशयाच्या काठी नॉर्मंटनचे चर्च पाण्यात अर्धे उभे आहे. बांधाचे काम झाले तेव्हा ते बुडणार होते. लोकांनी धरून ठेवले म्हणून खालचा भाग दगडांनी भरून, वर काँक्रीट घालून ते वाचवले. नेदर हॅम्बल्टन हे खेडे मात्र गेले. ते चर्च पाहताना मला पळसदेवच्या पळसनाथाची आठवण होणे अटळ होते. उजनीचे पाणी उन्हाळ्यात फार खाली गेले की ते देऊळ वर येते, आणि ज्यांच्या आज्याने तिथे नवस बोलले ती माणसे चिखल तुडवत दर्शनाला जातात.

उजनी १९८० साली पूर्ण झाली. त्यानंतर थोड्याच वर्षांनी मी इंदापूर तालुक्यातल्या एका शाखेत शेतकी अधिकारी म्हणून होतो. आयआरडीपीतून होडी आणि जाळ्यांसाठी कर्जे देत असू. अर्ज करणाऱ्यांत भोई-कोळी होते, तसे धरणग्रस्त शेतकरीही होते. ज्यांनी जन्मात मोट आणि नांगर सोडून दुसरे काही धरले नव्हते, ते आपल्याच बुडालेल्या रानावर होडी घालायला शिकत होते. एकाने मला वल्ह्याने पाण्यात बोट दाखवावे तसे दाखवून सांगितले होते, "साहेब, हितं खाली आमची इहीर हाय. जाळं तितंच अडकतं." मासळीच्या कर्जाचे हप्ते वेळेवर येत, कारण मासळीचा पैसा रोजचा. पण जाळे अडत्याच्या उचलीवर घेतलेले असेल तर मासळी त्याच्याच काट्यावर जायची, आणि काटा त्याचा, भावही त्याचाच.

तेव्हा बाजारात कटला, रोहू, वाम, मरळ असे. आज उजनीची मासळी म्हटले की चिलापी पुढे येते. ती बाहेरून आलेली, कशाही पाण्यात वाढणारी. आणि पुण्या-पिंपरीचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत उतरते, तेव्हा तिला घरच मिळाले. त्यात लहान आसाची जाळी टाकून बोटाएवढी पिल्लेही ओढली जातात. कोण ओढतो हे काठावर सर्वांना ठाऊक असते. पण खात्यात भरणा किती, काढले किती, याची वही कुठे आहे? पाणी एका खात्याचे, मासे दुसऱ्या खात्याचे, आणि बुडालेली जमीन ज्याची, त्याचे नाव भूसंपादनाच्या फायलीत. दैनिकात रोज धरणातल्या पाण्याची टक्केवारी छापून येते. माशांची कधी वाचली आहे?

हे आपल्याला जमणारच नाही असे म्हणणाऱ्यांना मी मध्य प्रदेशातल्या तवा धरणाकडे बोट दाखवतो. त्या धरणात चव्वेचाळीस गावे गेली. विस्थापित आदिवासींनी लढून १९९६ साली मासेमारीचा हक्क मिळवला, सहकारी संस्था काढल्या आणि त्यांचा तवा मत्स्य संघ केला. त्यांनी मत्स्यबीज सोडले, विणीच्या काळात जाळी बंद ठेवली, आणि उत्पादन आधीपेक्षा वाढले. दहा वर्षे हे चालले. पुढे व्याघ्र प्रकल्पाच्या कारणाने २००६ नंतर करार वाढवला गेला नाही. म्हणजे प्रयोग फसला म्हणून बंद पडला, असे झालेले नाही. आणि मत्स्यबीजाचे म्हणाल तर लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात महसीरची पिल्ले गेली पन्नास वर्षे वाढवली जात आहेत.

इंग्लंडची नक्कल करा, असे मी म्हणत नाही. तिथे सुट्टीचा छंद आहे, इथे पोट आहे. तिकिटे लावली तर ती पैसेवाला घेईल आणि होडीवाल्याला काठावर बसवतील. म्हणून क्रम उलटा हवा. पहिला हक्क बुडालेल्या गावांचा आणि पिढीजात मासेमारांचा, तोही त्यांच्या संस्थेच्या नावाने. मग आसाचे माप, विणीची बंदी आणि मोजणी, त्यांच्याच हातून. आपल्या नावावरची शिलक माणूस जपतो, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले आहे.

जाकिटाचेही त्यातच आले. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उजनीत उलटली आणि सहा माणसे गेली. ती मासेमारीला नव्हे, पैलतीराला निघाली होती. धरणाने मधला रस्ता बुडवल्यापासून लोक असेच जातात. रटलंडला फावल्या वेळेच्या होडीत मला जे अंगावर चढवायला लावले, ते रोज पाण्यावर असणाऱ्याला संस्थेच्या खर्चाने मिळायला काय हरकत आहे?

मोजणीसाठी नवे खाते काढायचीही गरज नाही. इंदापूर आणि भिगवणच्या बाजारात रोज लिलाव होतात. जातवार वजन लिहिलेल्या प्रत्येक पावतीची एक कार्बन कॉपी मासेमारांच्या संस्थेकडे जावी आणि महिन्याची बेरीज चावडीवर लावावी. चिलापी वेगळी, कटला वेगळा, मरळ वेगळी. ज्या दिवशी मरळ मिळाली नाही, त्या दिवशी शून्य.