किंमत मालकाची, हक्क भाडेकरूचाही नाही

युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये 'द क्रू' नावाचा मोटारींचा गेम बाजारात आणला. अख्खी अमेरिका आटवून पडद्यावर बसवलेली. न्यूयॉर्कहून निघायचं आणि गाडी हाकत थेट लॉस एंजेलिस गाठायचं. लोकांनी पुरते पैसे मोजून तो घेतला आणि वर्षानुवर्षं खेळले. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने सर्व्हर बंद केले आणि गेम संपला. इतरांशी शर्यत लावायची सोय गेली असती तर एकवेळ समजून घेतलं असतं. पण एकट्याने खेळायचा भागही गेला, कारण कंपनीच्या सर्व्हरने मान डोलावल्याशिवाय गेम सुरूच होत नव्हता. एवढ्यानेही समाधान झालं नाही म्हणून थोड्याच दिवसांत खेळाडूंच्या खात्यांतून गेमचं लायसन्सही काढून घ्यायला सुरुवात झाली. ज्यांनी डिस्क घेतली होती त्यांच्याकडे डिस्क अजून आहे. चकाकते छान.

सर्व्हरची यंत्रणा आणि परवान्यांच्या अडचणी, अशी कारणं कंपनीने दिली. असतीलही खरी. मला बोलायचं आहे ते पावतीबद्दल. पैसे घ्यायचे विक्रीचे आणि अटी लावायच्या भाड्याच्या, त्याही अशा की घर कधी खाली करायचं ते मालक त्याला वाटेल तेव्हा सांगेल. हा प्रकार गेमच्या बाजारात इतका रुळला आहे की त्याला आता लबाडी म्हणायचीही लोकांना लाज वाटते. 'इंडस्ट्री स्टँडर्ड' म्हणतात.

मुंबईकराला हे पटकन कळावं. पागडीच्या खोलीत राहणाऱ्याने सुरुवातीला घसघशीत रक्कम मोजलेली असते आणि तरीही तो कागदोपत्री भाडेकरूच असतो. पण त्याच्या पाठीशी महाराष्ट्राचा भाडे नियंत्रण कायदा आहे. मालकाला वाटलं म्हणून एका रात्रीत त्याचं सामान रस्त्यावर येत नाही, आणि खोली सोडताना मालकाचा वाटा देऊन ती दुसऱ्याच्या नावे करण्याची रीत आहे. डिजिटल गेम घेणाऱ्याला पागडीवाल्याइतकासुद्धा मान नाही. तो खोली पुढे देऊ शकत नाही, मुलाच्या नावे करू शकत नाही, आणि इमारत पाडायची ठरली तर त्याला मिळतो एक ईमेल.

बरं, हे कंपन्यांनी चोरून केलं असंही नाही. 'द क्रू' बंद पडण्याच्या अडीच महिने आधी, जानेवारी २०२४ मध्ये, युबिसॉफ्टच्याच सबस्क्रिप्शन विभागाचे फिलिप ट्रेम्ब्ले एका मुलाखतीत बोलून गेले होते. सिनेमा आणि गाण्यांच्या बाबतीत लोकांना मालकी नसण्याची सवय झाली, तशी गेमच्या बाबतीतही व्हायला हवी, असा एकूण सूर. शहाजोगपणा बघा. सवय आम्ही लावून घ्यायची, पैसे यांनी घ्यायचे. आणि सिनेमाचा दाखला देताना एक गोष्ट सोयीस्करपणे गिळायची: नेटफ्लिक्स महिन्याचे पैसे घेतं, एकेका सिनेमाचे पाच हजार रुपये घेत नाही.

पुढे कॅलिफोर्नियात दोन ग्राहकांनी या प्रकरणी खटला भरला. कंपनीचा बचाव अपेक्षित होता: तुम्ही मर्यादित लायसन्स घेतलं होतं, तसं तुम्हाला सांगितलंही होतं. त्यावर फिर्यादींनी न्यायालयापुढे गेमच्या पाकिटातला अॅक्टिव्हेशन कोड ठेवला. त्याची मुदत संपते २०९९ साली. म्हणजे कोड पंचाहत्तर वर्षं आणखी चालणार, ज्याच्यासाठी तो द्यायचा तो गेम मात्र नाही. हा मजकूर कोणा विनोदी लेखकाने लिहिला असता तर संपादकाने 'अतिशयोक्ती' म्हणून कापला असता.

मला खरी चीड येते ती सोनीची. जून २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या नव्या एक्सबॉक्स वनला दर चोवीस तासांनी इंटरनेटवर हजेरी लावायची अट घातली होती, आणि डिस्क मित्राला देण्यावर, जुनी विकण्यावर निर्बंध आणले होते. लोक खवळले. सोनीने संधी साधली आणि बावीस सेकंदांचा एक व्हिडिओ काढला: प्लेस्टेशन ४ चा गेम मित्राला कसा द्यायचा? एक साहेब डिस्कची डबी पुढे करतात, दुसरे साहेब घेतात, आभार मानतात. संपलं. जगभर टाळ्या पडल्या. थोड्याच दिवसांत मायक्रोसॉफ्टने शेपूट घातलं आणि अट मागे घेतली. ग्राहकांनी बोंब मारली की कंपन्या वाकतात, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नसेल.

आता २०२४ चा नोव्हेंबर. त्याच सोनीने प्लेस्टेशन ५ प्रो आणला. किंमत सातशे डॉलर, आणि डिस्क घालायला फटच नाही. डिस्क हवी असेल तर ड्राइव्ह वेगळा विकत घ्या, जोडा, आणि पहिल्यांदा जोडताना इंटरनेटवरून त्याची ओळख पटवून घ्या. तुमच्याच घरात, तुमच्याच पैशाच्या दोन वस्तूंनी एकमेकींशी बोलावं की नाही, हे ठरवायला कंपनी मध्ये. ते बावीस सेकंदांचे साहेब आता डिस्क पुढे करायला निघाले तर आधी त्यांना वायफायचा पासवर्ड विचारावा लागेल.

निन्टेन्डोने तर यावर कळस चढवला. जून २०२५ मध्ये स्विच २ आला आणि त्याच्यासोबत 'गेम की कार्ड' नावाची चीज आली. दुकानात डबी मिळते, डबीत खरोखरचं कार्ड असतं, ते यंत्रात नीट बसतं. फक्त त्याच्यात गेम नसतो. कार्ड घातलं की यंत्र निन्टेन्डोच्या सर्व्हरवरून गेम उतरवून घेतं, तुमच्या डेटावर, तुमच्या स्टोरेजमध्ये जागा असेल तर. शिवाय पुढे प्रत्येक वेळी खेळताना कार्ड आत हवंच. डिजिटलचे सगळे तोटे आणि डिस्कची सगळी कटकट, एकाच डबीत. डबीवर तळाशी एक पट्टा छापलेला असतो की बाबांनो, हे नुसतं किल्लीचं कार्ड आहे. तेवढा प्रामाणिकपणा मान्य. आणि हे कार्ड निदान दुसऱ्याला देता तरी येतं, हेही मान्य. पण याच निन्टेन्डोने २७ मार्च २०२३ रोजी आपल्या वी यू आणि ३डीएस या जुन्या यंत्रांच्या गेमची ऑनलाइन विक्री कायमची बंद केली. आज ज्या सर्व्हरवरून गेम उतरतो, तो आणखी पंधरा वर्षांनी चालू असेल यावर मी तरी पाच रुपये लावणार नाही.

मोठे गेम कार्डावर मावत नाहीत, अशी मखलाशी केली जाते. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने 'सायबरपंक २०७७' हा धिप्पाड गेम चौसष्ट जीबीच्या कार्डावर पूर्ण बसवून स्विच २ वर विकला. मोठं कार्ड महाग पडतं, हे खरं कारण. मग तसं सांगा की. याच सीडी प्रोजेक्टने २००८ मध्ये गॉग हे दुकान सुरू केलं, तिथे घेतलेल्या गेमची फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवता येते आणि दुकानाला न विचारता कधीही चालवता येते. इतकी वर्षं ते चाललं आहे. तेव्हा ग्राहकाच्या हातात माल दिला की धंदा बुडतो, ही भीती कोणी मला घालू नये.

आपल्याकडे या सगळ्याचा फटका जरा वेगळ्या जागी बसतो. प्लेस्टेशनचा नवा गेम साडेचार-पाच हजारांना पडतो. माझ्या भाच्यासारखी पोरं तो डिस्कवर घेतात, महिन्याभरात फडशा पाडतात, आणि डबीला ओरखडा न पडू देता दुकानात परत नेतात. काउंटरवरचा माणूस डिस्क उजेडात तिरकी धरून बघतो, नाक मुरडतो, आणि वर अमुक इतके टाका म्हणून दुसरी डिस्क पुढे सरकवतो. मुंबईत, पुण्यात, कोल्हापुरात असे काउंटर आहेत. मध्यमवर्गीय घरातला मुलगा वर्षाला आठ-दहा गेम खेळतो तो या अदलाबदलीच्या जोरावर. ही फट बुजली की त्याचं वर्षाला दोन गेमवर येतं, किंवा तो पायरसीकडे वळतो. आणि मग याच कंपन्या भारतीय ग्राहकाला नीतीचे धडे द्यायला मोकळ्या.

कंपन्यांचा पक्ष ऐकायला मी तयार आहे, कारण तो ऐकला की माझी बाजू आणखी भक्कम होते. रॉस स्कॉट नावाच्या यूट्यूबरने 'द क्रू'च्या निमित्ताने एप्रिल २०२४ मध्ये 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली. जुलै २०२५ अखेर मुदत संपेपर्यंत युरोपीय संघाकडच्या तिच्या अर्जावर चौदा लाखांच्या आसपास सह्या पडल्या. मागणी एका ओळीची: गेम बंद करायचा तर करा, पण जाताना तो खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा. सर्व्हर जन्मभर चालवा असं कोणीही म्हणत नाही. तरी 'व्हिडिओ गेम्स युरोप' या कंपन्यांच्या संघटनेने त्यावर जे निवेदन काढलं ते वाचून वाटावं की कोणी यांची किडनीच मागितली. खासगी सर्व्हरवर खेळाडूंच्या माहितीची सुरक्षितता राहणार नाही, बेकायदा मजकुराला आवर बसणार नाही, गेम बनवणं परवडेनासं होईल.

ज्यांनी दहा-पंधरा रुपये तासाने सायबर कॅफेत 'काउंटर स्ट्राइक' खेळलाय त्यांनी यावर हसावं की रडावं? त्या कॅफेतला कोपऱ्यातला एक कॉम्प्युटर सर्व्हर असायचा. तो कॅफेवाला चालवायचा, कंपनी नव्हे. नेट गेलं तरी लॅनवर डाव चालू. आजही त्याची जुनी १.६ आवृत्ती खेळणारे आहेत, कारण सर्व्हर चालवण्याचं सॉफ्टवेअर लोकांच्या हातात दिलेलं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी जे एका कॅफेवाल्याला जमत होतं, ते आज अब्जावधींची उलाढाल करणाऱ्यांना तांत्रिकदृष्ट्या अवघड वाटतं.

आणि वाटतं तरी कुठे? ओरड वाढल्यावर याच युबिसॉफ्टने 'द क्रू'च्या पुढच्या दोन्ही गेमना इंटरनेटविना चालण्याची सोय देण्याचं कबूल केलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये 'द क्रू २' ला ती दिलीसुद्धा. कंपनी बुडाली नाही, आकाश कोसळलं नाही. पहिल्या गेमच्या गिऱ्हाइकांच्या तोंडाला मात्र पानं पुसलीच.

सबस्क्रिप्शनवर मी रागावणार नाही. एक्सबॉक्स गेम पास हे उघडउघड भाडं आहे आणि ते भाडं म्हणूनच विकलं जातं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याच्या वरच्या योजनेचा दर अमेरिकेत वीस डॉलरवरून तीसवर नेला, तेव्हा लोकांनी शिव्या घातल्या आणि कित्येकांनी योजना सोडली. भाडं परवडेना, बिऱ्हाड हलवलं. व्यवहार स्वच्छ. तोच न्याय सोनीच्या 'काँकर्ड'ला: ऑगस्ट २०२४ मध्ये आला, कोणी खेळायला येईना, दोन आठवड्यांत बंद झाला, पण पैसे परत दिले. गूगलने स्टेडिया ही आपली गेमसेवा गुंडाळताना तेच केलं. पैसे परत करणं अशक्य नसतं, हे या दोघांनी दाखवून दिलेलं आहे.

कॅलिफोर्नियाने निदान एक पाऊल टाकलं. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल वस्तू विकणाऱ्याला स्पष्ट सांगावं लागतं की तुम्ही घेताय ते लायसन्स आहे. स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानाने त्याआधीच, ऑक्टोबरमध्ये, पैसे भरण्याच्या पानावर तशी ओळ टाकली. चांगलं झालं. पण किंमत एका सेंटने उतरली नाही. मालकी काढून घेतल्याचं जाहीर केलं की मालकीचे पैसे घ्यायला हरकत नाही, असा याचा अर्थ कंपन्यांनी लावलेला दिसतो.

आता घरचं बघू. आपला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा 'अनुचित करार' ही गोष्ट ओळखतो, आणि वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा एकाच पक्षाला देणारं कलम त्यात स्पष्ट मोडतं. कागदावर भारतीय ग्राहक चांगलाच मजबूत आहे. मेख पुढे आहे. अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही; रक्कम कितीही किरकोळ असो, थेट राज्य आयोगाकडे जावं लागतं. नांदेडच्या मुलाने चार हजारांच्या गेमसाठी राज्य आयोगापुढे वकील उभा करायचा. एका तारखेच्या खर्चात त्याचे दोन-तीन गेम येतात. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच 'आय अॅग्री'च्या खालचा तो मैलभर मजकूर इतक्या बिनधास्तपणे लिहिलेला असतो.

हे अधिकार जिल्हा आयोगाला द्या. आणि प्रत्येक ऑनलाइन गेमच्या किमतीशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, हा गेम किमान अमुक तारखेपर्यंत चालेल असं छापायची सक्ती करा. त्याआधी बंद केला तर पैसे परत. तारीख कंपनीनेच ठरवावी, दोन वर्षं लिहावी की वीस, तिची मर्जी. तारीख बघून पाच हजार मोजायला किती जण पुढे येतात, ते मग बाजारच सांगेल.