सपाट म्हणजे नेमके काय? आचऱ्याचा सडा आणि नकाशाची मोजपट्टी

१/१२
आचरा म्हटले की बहुतेकांना गावपळण आठवते. मालवण तालुक्यातील हे गाव दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन, गुराढोरांसह तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहते. आजचा धागा मात्र या गावाच्या जमिनीविषयी आहे. खाली पुळण, खाडी आणि मळे; वर जांभ्या दगडाचा सडा. ही जमीन सपाट म्हणायची की खडबडीत? आणि ते ठरवायचे कोणी?

२/१२
नकाशावरून जमिनीचा चढउतार वाचण्याची गरज प्रथम सैन्याला भासली. तोफेचा गाडा कोठून चढेल, हे आधी कळणे आवश्यक होते. १७९९ मध्ये सॅक्सनीचा लष्करी अधिकारी योहान गेऑर्ग लेमान याने रेघांची पद्धत बसवली. उतार जितका तीव्र, तितकी रेघ जाड. ४५ अंशांवर कागद पूर्ण काळा. आपल्या दक्षिण कोकणाची त्रिकोणमितीय पाहणी १८१९ नंतरच्या दशकात थॉमस बेस्ट जर्व्हिस याने केली. त्या काळच्या नकाशांत डोंगर दिसे, पण त्याचा आकडा मिळत नसे.

३/१२
आकडा दिला तो समोच्च रेषांनी. समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या या रेषा जेथे दाटतात, तेथे उतार तीव्र. १९३० मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक चेस्टर वेंटवर्थ याने यातून सोपी रीत काढली. नकाशावर सरळ रेघांचे जाळे टाकावे, दर किलोमीटरला किती समोच्च रेषा ओलांडल्या जातात ते मोजावे, त्याला दोन रेषांमधील उंचीच्या अंतराने गुणावे आणि ६३६.६ ने भागावे. येतो तो सरासरी उतार.

४/१२
भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशावर हे अंतर सामान्यतः २० मीटर असते. दर किलोमीटरला ८ रेषा ओलांडल्या, तर ८ × २० ÷ ६३६.६, म्हणजे सुमारे २५ टक्के उतार. सह्याद्रीच्या पायथ्याशी ही रीत उत्तम चालते. सड्याच्या माथ्यावर मात्र रेघ एकही समोच्च रेषा न ओलांडता पुढे जाऊ शकते. तेव्हा उत्तर येते शून्य.

५/१२
पुढे संगणक आला. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानातील रडारने पृथ्वीच्या बहुतांश भूभागाची उंची टिपली आणि उंचीच्या चौकोनांची जाळी हाती आली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९९९ मध्ये, रायली, डीग्लोरिया आणि एलियट या अमेरिकी संशोधकांनी खडबडीतपणाचा निर्देशांक मांडला होता. एका चौकोनाची उंची त्याच्या आठ शेजाऱ्यांच्या उंचीशी ताडून पाहायची, फरकांचे वर्ग करून बेरीज करायची, तिचे वर्गमूळ काढायचे. ८० मीटरपर्यंत ‘समतल’, ९५८ च्या पुढे ‘अत्यंत खडबडीत’. मध्ये आणखी पाच वर्ग.

६/१२
आता सड्याच्या कडेला उभे राहून हे गणित करू. आपला चौकोन ६० मीटर उंचीवर आहे. पाच शेजारीही ६० वर. खाडीकडील तीन २० मीटरवर. फरक ४०, वर्ग १६००, तिघांची बेरीज ४८००, वर्गमूळ सुमारे ६९. वर्ग: ‘समतल’. चाळीस मीटरची उतरंड समोर असताना तक्ता तिला समतल म्हणतो.

७/१२
खरी मेख पुढे आहे. चौकोन एक किलोमीटरचा असेल, तर हा उतार अवघा ४ टक्के. सायकलवरून सहज उतरावा असा. चौकोन ३० मीटरचा असेल, तर तोच ५३ अंशांचा कडा. तेथे दोर लागेल. दोन्हींचा निर्देशांक मात्र ६९ आणि दोन्हींचे नाव ‘समतल’. आकडा चुकलेला नाही. एका मापाच्या चौकोनासाठी बांधलेला तक्ता भलत्याच मापाला लावला, ही चूक आहे. अशा तक्त्यांनी रंगवलेले नकाशे आज सर्रास दिसतात आणि चौकोनाचे माप अनेकदा सांगितलेलेही नसते.

८/१२
‘सपाट’ या शब्दामागून लगेच ‘मोकळी’ हा शब्द येतो आणि त्यामागून ‘पडीक’. सातबाऱ्यावर कातळ पोटखराब्यात जातो. देशाच्या पडीक जमिनींच्या ॲटलासमध्ये उघड्या खडकाळ प्रदेशाला वर्गच दिलेला आहे. मग प्रकल्पाला जागा शोधणाऱ्याची नजर प्रथम सड्यावर पडते. चिऱ्यांच्या खाणीही सड्यावरच. दहा मीटर खोल खाण २० मीटरच्या दोन समोच्च रेषांमध्ये सहज हरवते.

९/१२
त्या शून्यात काय आहे? पावसाळ्यात सड्यावरच्या खळग्यांत पाणी साचते आणि बोटभर मातीवर गेंद, सीतेची आसवे फुलतात. दीपकाडी तर कोकणच्या सड्यांखेरीज अन्यत्र क्वचितच. जांभ्यात मुरलेले पाणी पायथ्याशी झऱ्यांना आणि विहिरींना मिळते. मालवण तालुक्यातीलच कुडोपीच्या सड्यावर कातळशिल्पे आहेत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत नोंदल्या गेलेल्या कोकणातील स्थळांत कुडोपीचे नाव आहे. ज्यांनी ती कोरली, त्यांना हा कातळ रिकामा वाटला नव्हता.

१०/१२
आपल्या भाषेने जमिनीचे वर्गीकरण केव्हाच केले आहे: पुळण, खाजण, मळा, वायंगण, भरड, वरकस, कातळ, सडा. यांत उतार आहेच. पण मुख्य कसोटी पाणी किती थांबते आणि माती किती धरते, ही. मळा आणि सडा दोन्ही सपाट. निर्देशांकाला त्यांतील भेद दिसत नाही. शेतकऱ्याला तो पहिल्या पावसात दिसतो.

११/१२
यावर रास्त आक्षेप असा, की सरकार प्रत्येक सड्यावर चालत जाऊ शकत नाही आणि एकसारखी मोजपट्टी पक्षपात टाळते. हे खरेच आहे. माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात पश्चिम घाटासाठी सुमारे ९ किलोमीटर बाजूचे चौकोन घेतले. उंची आणि उतार हे तिच्या निकषांत होते. चौकोनांवाचून एवढ्या लांब पर्वतरांगेचा एकत्र विचार झालाच नसता. पण एवढ्या चौकोनात आचऱ्यासारख्या गावाची पुळण, खाडी, मळे आणि सडा एकदम मावतात. प्रदेशाच्या नियोजनाला ते चालेल; एका सर्व्हे नंबरचे भवितव्य त्यावरून ठरू नये.

१२/१२
म्हणून माझे मत असे. चौकोनाचे माप आणि समोच्च रेषांमधील अंतर सांगितल्याशिवाय ‘समतल’ हा शब्द कोणत्याही सरकारी कागदावर येऊ नये. सड्याचा माथा आणि त्याची कड नकाशावर वेगवेगळी दाखवावीत. कोकणातील जमिनीचा वर्ग ठरवण्यापूर्वी निदान एकदा तरी ती ऐन पावसाळ्यात पायी पाहावी. आपल्या गावात सड्याच्या भागांना कोणती नावे आहेत, ती खाली अवश्य लिहावीत. ती नावे नकाशावर क्वचितच असतात.