पक्ष्यांना सायकल कळत नाही

शनिवारी पहाटे साडेपाचला सायकल जिन्यावरून खाली उतरवत होतो, तेव्हा आईने नेहमीचं वाक्य टाकलं, "आठवडाभर कॉम्प्युटरपुढे डोळे फोडायचे आणि सुट्टीला थंडीत मरायला जायचं." यावर माझ्याकडे उत्तर नसतं. जानेवारीत निफाडकडे सायकल हाणायला जाणाऱ्या कुणाकडेच नसावं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला ही बातमी नाशिकच्या पेपरांत हिवाळाभर चालू असते, आणि आम्ही सात शहाणे अंगावर विंडचीटर चढवून नेमके तिकडेच निघालो होतो. नांदूर मधमेश्वर, जाऊन-येऊन साधारण ९० किलोमीटर.

हा रूट मीच बनवलाय. म्हणजे जीपीएसची फाईल मी बनवली आणि ग्रुपवर टाकली, रस्ता अर्थातच आधीपासून होता. नाशिकमध्ये सायकलवाल्यांची कमी नाही. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या टीममध्ये पूर्ण केली, त्यानंतर तर दर तिसऱ्या घरात एक रोड बाईक आली. (त्यातल्या निम्म्या गॅलरीत वाळत घातलेल्या टॉवेलांखाली आहेत, असो.) पण सगळे आपले त्र्यंबकेश्वर नाहीतर कसारा. मला गोदाकाठचा सपाट रस्ता आवडतो. पहाटे द्राक्षबागांमधून शेकोट्यांचा धूर पसरलेला असतो, एक्स्पोर्टच्या घडांना कागद गुंडाळलेले असतात, आणि पुढून उसाची ट्रॉली येत असते. ती आपल्याला बाजू देणार नाही हे गृहीत धरून चालायचं.

तर मागच्या महिन्यातली गोष्ट. बंधाऱ्याच्या थोडं अलीकडे, पाण्याच्या कडेला चक्रवाक बसले होते. शंभरेक तरी असतील. केशरी अंग, फिकट डोकं, सकाळच्या उन्हात असे दिसतात की ब्रेक आपोआप लागतो. आम्ही सातही जण थांबलो. सायकली रस्त्याच्या कडेला ओळीने लावल्या, कुणीतरी मोबाईल काढला, आणि तेवढ्यात सगळा थवा एकदम उठला. काय दृश्य होतं! मी स्लो मोशनमध्ये शूट केलं. दुपारपर्यंत ग्रुपवर पन्नास अंगठे.

अंगठे आले ते नंतर. त्याआधी काय झालं ते मी ग्रुपवर लिहिलं नव्हतं. आमच्यापासून थोड्या अंतरावर एक गाडी उभी होती, इंजिन बंद, काचा अर्ध्या खाली. आत साठीच्या पुढचे काका-काकू आणि पुढच्या सीटवर दुर्बीण घेतलेला गावातला गाईड. थवा उडाल्यावर काकू खाली उतरल्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "आम्ही पाऊण तास बघत होतो रे. किती जवळ आले होते."

मी काहीतरी पुटपुटलो. आमचा तर आवाजही नव्हता, सायकल आहे, धूर नाही, हॉर्न नाही, वगैरे. त्यावर तो गाईड, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असेल, हसून म्हणाला, "सर, गाडी त्यांच्यासाठी गाय-म्हशीसारखी असती. माणूस दिसला की उडणार. तुम्ही सात माणसं उभे राह्यले एका लायनीत."

घरी येऊन वाचत बसलो. तो पोरगा बरोबर होता. पक्षी किती अंतरावरून उडतात याचा अभ्यास करणाऱ्यांनी हे पुष्कळ ठिकाणी नोंदवलंय. गाडीच्या मानाने पायी माणसाला पक्षी जास्त घाबरतात. गाडीत माणसाचा आकार लपतो. सायकलवर तो सगळा उघडा असतो, वर आमच्यासारख्यांचे पोपटी जर्सी. चालत्या सायकलकडे ते बऱ्याचदा दुर्लक्ष करतात, हे मी स्वतः पाहिलंय. गंमत थांबल्यावर सुरू होते. आणि आपण नेमके पक्षी दिसले की थांबतो.

उडाले तर उडाले, परत बसतील, असं मलाही वाटायचं. पण चक्रवाक कुठून येतो ते बघा. लडाख, तिबेट, मध्य आशिया. आपण मनाली-लेह सायकलने केलं की त्यावर चार वर्षं गप्पा मारतो. हा पक्षी दर वर्षी हिमालय ओलांडून येतो आणि उन्हाळ्याआधी परत जातो, मध्ये चहाची टपरी नाही. हिवाळ्यात इथे जे खातो त्यावर परतीचा प्रवास. दर उड्डाणाला त्यातलं थोडं खर्च होतं, आणि तेवढा वेळ खाणं बंद. एका सकाळी एकदा झालं तर काही बिघडत नाही. एका सकाळी दहा ग्रुप आले तर?

इथे पक्षी का येतात हेही मजेशीर आहे. गोदावरी आणि कादवाच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला, कालव्यांनी पाणी पुढे न्यायचं म्हणून. वर्षानुवर्षं गाळ साचत गेला. इंजिनिअरच्या दृष्टीने हा साठवणीचा तोटा. पण त्या गाळाने उथळ पाणी, बेटं, पाणवनस्पती असं सगळं तयार झालं आणि पाखरं उतरायला लागली. आमच्या भाषेत बगचं फीचर झालं. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून नाव आलं. कुंपण मात्र नाही. गावं आहेत, ऊस आहे, रस्ते आहेत. म्हणूनच सायकल घेऊन जाता येतं.

आता खरा मुद्दा. आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राने या महिन्याच्या शेवटच्या रविवारी मोठी राईड ठरवली. ऐंशी जण, टीशर्ट, मेडल, वळायचा पॉइंट बंधारा, आणि तिथे नाश्त्याला मिसळ. रूट माझाच. मी म्हटलं, मार्चनंतर घे, किंवा अलीकडून वळव. तो भडकला. त्याचे मुद्दे कच्चे नाहीत, म्हणून इथे लिहितो.

"रस्ता सार्वजनिक आहे." आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम २७, अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक हमरस्त्यावरून जायला बंदी नाही. "ट्रॅक्टरवर केवढ्याने गाणी लावलेली असतात, ते चालतं?" चालतं असं नाही, पण पाखरांना ट्रॅक्टर रोजचा आहे. बगळे तर नांगरामागेच फिरतात. "अरे, आवर्तन सोडलं की पाण्याची पातळी खाली जाते, त्याचं काय? त्यापुढे आपल्या सायकली म्हणजे काहीच नाही." इथे मी गप्प बसलो, कारण हे खरं आहे. पाणी कधी सोडायचं, किती सोडायचं, जलपर्णी कोण काढणार, नाशिकचं सांडपाणी कुठे जातं, यातलं काहीही माझ्या हातात नाही. आवर्तन शेतीसाठी आहे आणि चांदोरी-सायखेड्याच्या माणसांना गोदावरीचे पूर सोसावे लागतात, त्यांना मी पक्ष्यांवर लेक्चर देणार नाही.

माझ्या हातात ती फाईल होती.

राग येतो तो याचा, की आपण सायकलवाले स्वतःला जन्मतः निर्दोष समजतो. पेट्रोल जाळत नाही, म्हणजे आपण निसर्गाच्या बाजूचे. मीही हेच समजत होतो. त्या टापूत स्ट्राव्हावर एक सेगमेंट आहे, त्यात मी एकदा आठवा आलो होतो आणि ऑफिसमध्ये दोघांना दाखवलंही होतं. खाली मान घालून ३४च्या स्पीडने अभयारण्य पार केलं, डावीकडे पाणी होतं की शेत, विचाराल तर सांगता येणार नाही! तरी त्या दिवशी पक्ष्यांना माझा त्रास कमीच झाला असणार, कारण मी थांबलो नव्हतो. आवड असलेला माणूस जास्त त्रास देतो, हे पचायला मला आठवडा लागला.

जाऊच नये असं मी म्हणत नाही. तीन-चार जणांनी जा. पाण्याच्या कडेच्या पट्ट्यात थांबू नका, रेंगाळू नका, स्पीकर बंद. पक्षी बघायचे असतील तर सायकल गेटपाशी लावा, गाईड घ्या आणि निरीक्षण मनोऱ्यावर जा. आडोसा असतो, शिवाय गावातल्या पोरांना चार पैसे मिळतात. क्लीट्सवाले बूट घालून मनोरा चढणं हा वेगळा विनोद आहे, चपला बरोबर ठेवा :)

मी ग्रुपवर नवीन फाईल टाकली. निफाडला वळायचं, मिसळ तिथेही मिळते. जुनी डिलीट केली, अर्थात ज्यांनी उतरवून घेतलीय त्यांच्याकडे आहेच. मित्राने अजून रिप्लाय दिलेला नाही. ऐंशीपैकी अकरा जणांनी नाव काढलं, एकाने लिहिलं की निफाडला वळायचं तर मेडल कसलं. चक्रवाकांचा तो व्हिडिओही काढून टाकला. आईला तो आवडला होता, ती विचारत होती कुठे गेला म्हणून. तिला पुढच्या रविवारी गाडीने घेऊन जातोय. काचा अर्ध्या खाली करून बसायचं, एवढंच तिला सांगितलंय. ती म्हणाली, "थर्मासमध्ये चहा घेऊ का?"