रूट कॉज : वैयक्तिक कारण

रात्री दोन वाजता सर्व्हर पडला तर आमच्या धंद्यात एक ठरलेली शिस्त आहे. आधी तो उभा करायचा. मग दोन-तीन दिवसांत सगळ्यांनी बसून आरसीए, म्हणजे रूट कॉज अ‍ॅनालिसिस लिहायचा. लोड किती होता, अलर्ट कधी वाजला, मर्यादा कुणी ठरवली होती. 'अमक्याची चूक' एवढं लिहून त्यातून सुटका होत नाही. माणूस चुकणारच, त्याच्या एका चुकीने सगळं कोसळावं अशी व्यवस्था कुणी उभारली, हा खरा प्रश्न.

माणूस पडला की मात्र आरसीए नसतो. राजीनाम्याच्या फॉर्मवर एक ड्रॉपडाऊन असतो. त्यातून 'वैयक्तिक कारण' निवडायचं. तिकीट क्लोज.

माझं भांडण या दोन शब्दांशी आहे.

गेल्या काही वर्षांत कंपन्यांना आपल्या मनाची फार काळजी वाटू लागली आहे. १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिन आला की हिरवे पोस्टर लागतात, ध्यानाच्या अ‍ॅपची फुकट मेंबरशिप मिळते, एक वेबिनार होतो. तोही जेवणाच्या सुट्टीत, कारण बाकीचा वेळ क्लायंटचा. खोल श्वास घ्या, स्क्रीन टाइम कमी करा, 'नाही' म्हणायला शिका. कुणाला 'नाही' म्हणायचं आणि म्हटल्यावर अप्रेझलमध्ये काय होईल, हे स्लाइडवर नसतं.

गैरसमज नको. समुपदेशन, औषधं, ध्यान यातलं काहीच थोतांड नाही. ज्याला गरज आहे त्याने न लाजता डॉक्टरकडे जावं. पण सीपीयू शंभर टक्क्यांवर गेला तर आपण सर्व्हरला प्राणायाम शिकवत नाही. लोड कमी करतो किंवा मशीन वाढवतो. माणसाच्या बाबतीत मात्र लोड तसाच ठेवून श्वास मोजायला सांगतात.

आणि हा उपाय चालतो तरी का? ऑक्सफर्डचे संशोधक विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. २०२४मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. वेलनेस अ‍ॅप, ताण हाताळण्याचं प्रशिक्षण वगैरे घेणारे लोक ते न घेणाऱ्यांपेक्षा बरे असल्याचं त्यांना दिसलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली, तीही आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळल्या गेलेल्या दीर्घकाळच्या ताणाचा परिणाम म्हणून. ताण कामाच्या ठिकाणचा असेल, तर तो हाताळायचं काम एकट्या कर्मचाऱ्याचं कसं?

हा लोड येतो कुठून, ते आपल्याला पक्कं माहीत आहे. काम दहा माणसांचं असतं. डील जिंकायला प्रपोजलमध्ये सात दाखवतात. उरलेल्या तिघांचं काम सातजणांच्या रात्रींवर पसरतं. कॅलिफोर्नियात सकाळचे दहा वाजतात तेव्हा हिंजवडीत रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. त्या कॉलनंतर झोपायचं आणि सकाळी इथल्या स्टँडअपला हजर व्हायचं. पण टाइमशीटमध्ये आठच तास, कारण क्लायंटला बिल आठचंच जातं. बाकीचे तास कुठेच नाहीत. ज्या धंद्यात मिलिसेकंदाचाही हिशोब ठेवतात, तिथे माणसाच्या जागरणाचा लॉग नाही. लॉग नाही, म्हणजे घटना घडलीच नाही.

कायदा नाही असंही नाही. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली गेली, जादा तासांना दुप्पट पगार ठरला. तांत्रिक काम करणारा माणूस त्यात कामगारच आहे. व्यवस्थापकीय पदांना मात्र तो लागू नाही. त्यामुळे पदनामात 'मॅनेजर' आलं की कंपनी हात झटकायला मोकळी, भले हाताखाली एकही माणूस नसो.

जुलै २०२४मध्ये पुण्यातल्या एका बड्या सल्लागार कंपनीतली तरुण सनदी लेखापाल नोकरीला लागून काही महिन्यांतच गेली. कामाच्या ओझ्याने लेक गेली, असं पत्र तिच्या आईने कंपनीच्या अध्यक्षांना लिहिलं. कामाचा ताण हे कारण कंपनीने मान्य केलं नाही. कामगार खात्याने चौकशी केली तेव्हा कळलं, की २००७पासून चालणाऱ्या त्या कार्यालयाची या कायद्याखाली नोंदणीच नव्हती. नोंदणी नाही, मग तास तपासणार कोण? त्याच सुमारास अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी एका भाषणात ताण सोसायला घरीच शिकवावं, त्यासाठी लागणारं आंतरिक बळ ईश्वरभक्तीतून येतं, असं सांगितलं. गदारोळ झाल्यावर खुलासाही केला. पण बोट आधी कुठे वळलं? घराकडे, मनाकडे, देवाकडे. हजेरीच्या रजिस्टरकडे नाही. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२५मध्ये, राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा ९वरून १० तासांवर न्यायला मंजुरी दिली.

घरचे म्हणतात, एसीत बसून कसला ताण? त्यांचं साफ चूक नाही. कारखान्यात अंग मोडायचं. पण तिथे भोंगा होता. भोंगा वाजला की पाळी संपायची. आमच्या भोंग्याचं नाव टीम्स; तो पाळी संपवत नाही, सुरू करतो.

आणि तो कारखान्यातला विसावाही कुणी दयेने दिला नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून साप्ताहिक सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मागितली. रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडलं. थकलेल्या कामगाराला त्यांनी मन खंबीर करायला सांगितलं नाही. मालकाला गिरणी बंद ठेवायला लावली. आज आपण लॅपटॉप उघडून घालवतो तो रविवार असा मिळालेला आहे.

मागण्या फार मोठ्या नाहीत. टाइमशीटमध्ये खरे तास भरता यावेत. रात्री ऑनकॉल असलेल्याला दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळावी, न मागता. एकाच टीममधून सहा महिन्यांत तिघं गेले तर त्याचा आरसीए व्हावा, तोही त्या मॅनेजरने नव्हे, बाहेरच्याने लिहिलेला. आणि त्याचा परिणाम मॅनेजरच्या अप्रेझलवर दिसावा, जसा डाउनटाइमचा दिसतो.

एकट्याने हे मागितलं तर पुढच्या यादीत आपलं नाव असेल, ही भीती खोटी नाही. घराचा हप्ता सगळ्यांना आहे. म्हणून हे पाच-सातजणांनी मिळून मागायचं. पुण्यात नाइट्ससारखी आयटी कर्मचाऱ्यांची संघटना आहे, कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. तिथे जाईपर्यंत निदान खऱ्या तासांची नोंद स्वतःच्या वहीत, तारखेसकट ठेवा. आणि नोकरी सोडायची वेळ आलीच, तर ड्रॉपडाऊनमधलं 'इतर' निवडा. त्यापुढे रिकामी चौकट उघडते. तिथे लिहा : सात माणसांत दहा माणसांचं काम.