ठरावातला एक शब्द

गेल्या सत्रातला रविवार रात्रीचा वर्ग. नऊ वाजता सगळे जोडले गेले आणि पडद्यावर मी एकच वाक्य ठेवले: सुरक्षा परिषदेने २२ नोव्हेंबर १९६७ रोजी एकमताने संमत केलेल्या २४२ क्रमांकाच्या ठरावातले, इस्रायली सैन्याच्या माघारीचे. विद्यार्थ्यांना म्हटले, याचे मराठी करा. बस, एवढेच काम.

इंग्रजी मसुद्यात 'टेरिटरीज'च्या आधी 'द' नाही. फ्रेंच मसुद्यात त्या जागी जो शब्द आहे, त्यातून 'ते प्रदेश' असा निश्चित अर्थ निघतो. त्यामुळे माघार सगळ्या प्रदेशांतून की काही प्रदेशांतून, यावर अर्धशतकाहून अधिक काळ वाद चालू आहे. मराठीत तर 'द'सारखा शब्दच नाही. एका विद्यार्थिनीने लिहिले, 'व्यापलेल्या प्रदेशांतून'. दुसऱ्याने विचारले, "असं वाचलं की सगळेच प्रदेश वाटतात ना?" मग कुणी 'काही' घातले, कुणी 'सर्व'. दोघांच्याही लक्षात आले की सुरक्षा परिषदेने जे ठरवले नाही, ते आपण भाषांतर करताना ठरवून टाकले. मसुदा मांडणारे ब्रिटिश राजदूत लॉर्ड कॅरेडन यांना पंधराही मते एकत्र आणायची होती. 'द' हा शब्द घातला असता तर मते फुटली असती. हे मी सांगायच्या आतच वर्गाने शोधून काढले. दहाला संपायचा वर्ग अकराला संपला.

हा प्रसंग आपल्यासारख्या आंतरराष्ट्रीय संबंध शिकवणाऱ्यांपुढे मुद्दाम मांडतो आहे, कारण एम.ए.चा ऑनलाइन अभ्यासक्रम चालवताना आपली सगळी मेहनत व्याख्यानाच्या चित्रफितीवर खर्च होते. मॉर्गेन्थाऊची सहा तत्त्वे पंचेचाळीस मिनिटांत, नंतर उदारमतवाद, नंतर रचनावाद, शेवटी बहुपर्यायी प्रश्न. 'स्वयम्'च्या चौकटीत चार भाग आहेत: चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वमूल्यमापन आणि चर्चा. यातला चौथा भाग बहुतेक अभ्यासक्रमांत ओस पडलेला दिसतो. विद्यार्थी तिथे 'धन्यवाद सर' लिहितात आणि आपणही त्यावर समाधान मानतो. माझ्या मते पदव्युत्तर शिक्षण त्या चौथ्या भागातच घडते, बाकीचे तीन त्याची पूर्वतयारी आहेत.

मी विद्यार्थी असताना परराष्ट्र धोरणाचा मूळ कागद पाहायचा तर दिल्लीला सप्रू हाउसच्या ग्रंथालयात जावे लागे. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या मुलाला ते शक्य नव्हते. त्याला करार ठाऊक व्हायचा तो मार्गदर्शकातल्या चार ओळींतून. आज तोच मुलगा मोबाइलवर परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरचे करार वाचू शकतो, राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल'वर शोध घेऊ शकतो. १९७१च्या संकटात निक्सन आणि किसिंजर आपसात काय बोलत होते, ते अमेरिकी परराष्ट्र खात्यानेच प्रसिद्ध केलेल्या खंडात त्याला मिळते. ऑनलाइन शिक्षणाने आपल्या विषयाला खरोखर काही दिले असेल तर ते हे. आणि नेमके तेच आपण त्याच्यासमोर ठेवत नाही.

ठेवायचे कसे, याचा एक नमुना हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानेच घालून दिला आहे. तिथे दोन्ही देश आधी लेखी बाजू मांडतात, मग त्यांची लेखी प्रत्युत्तरे येतात आणि तोंडी सुनावणी सर्वांत शेवटी होते. आपापल्या वेळेने लिहायचे आणि ठरल्या वेळी समोरासमोर उभे राहायचे, ही ऑनलाइन वर्गाला जशीच्या तशी लागू पडणारी रीत आहे. मी ती कुलभूषण जाधव प्रकरणावर वापरली. भारताने ८ मे २०१७ रोजी अर्ज केला, १७ जुलै २०१९ रोजी निकाल लागला आणि सगळी कागदपत्रे न्यायालयाच्या संकेतस्थळावर खुली आहेत. वर्गाचे दोन गट केले. भारताची बाजू मांडणाऱ्यांनी आधी पाकिस्तानचे निवेदन वाचायचे, पाकिस्तानची बाजू मांडणाऱ्यांनी भारताचे. दोन आठवडे लेखी, तिसऱ्या आठवड्यात थेट सत्र.

बहुतेक जण 'आपण पंधरा विरुद्ध एक मतांनी जिंकलो' एवढेच घेऊन आले होते. वाचता वाचता त्यांना कळले की खटला उभा राहू शकला तो वाणिज्यदूतविषयक १९६३च्या व्हिएन्ना कराराच्या एका ऐच्छिक जोड-मसुद्यामुळे. हेरगिरीचा आरोप असलेल्याला वाणिज्यदूताला भेटण्याचा हक्क नाही, हा पाकिस्तानचा दावा न्यायालयाने फेटाळला. २००८च्या द्विपक्षीय कराराचा आधारही त्याने मानला नाही. पण शिक्षा रद्द करून सुटका करावी ही भारताची मागणी मान्य झाली नाही. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, एवढे सांगून त्याची पद्धत न्यायालयाने पाकिस्तानवरच सोपवली. एरवी तीन व्याख्यानांत सांगूनही जे गळी उतरत नाही, ते विद्यार्थ्यांना इथे स्वतःला सापडले: आंतरराष्ट्रीय कायदा किती दूर नेतो आणि कुठे थांबतो.

उचललेल्या किंवा यंत्राकडून लिहून घेतलेल्या स्वाध्यायांची तक्रार आपण सगळेच करतो. थेट सत्रात प्रतिपक्ष जेव्हा विचारतो, "हे तुमच्या निवेदनाच्या कोणत्या परिच्छेदात आहे?", तेव्हा ज्याने वाचले आहे तोच उत्तर देऊ शकतो. मला याहून चांगली तपासणी अजून सापडलेली नाही.

पडद्यावर एक गोष्ट हरवते, हे मान्य करायला हवे. वाटाघाटी बैठकीपेक्षा मधल्या चहाला जास्त होतात आणि तो चहा ऑनलाइन मिळत नाही. म्हणून सत्रात निदान दोन दिवसांचे संपर्क सत्र अभ्यासकेंद्रावर घ्यावे आणि ते व्याख्यानांत घालवू नये.

उलट बाजूही आहे. आमच्या वर्गात रत्नागिरीचा एक जहाजावरचा अधिकारी होता. समुद्रात चित्रफीत उघडत नसे, पण कागदपत्रे उतरत. हुथींच्या हल्ल्यांमुळे त्याचे जहाज तांबडा समुद्र सोडून आफ्रिकेला वळसा घालून निघाले, त्या प्रवासात त्याने बाब-अल-मंदेबवर लिहिलेले टिपण आमच्या नियमित वर्गातल्या कुणाच्याही टिपणापेक्षा सरस होते. असे विद्यार्थी वर्गाच्या चार भिंतींत आपल्याला कधी मिळाले नसते. त्यांच्यासाठी साहित्य करताना मजकूर आधी आणि चित्रफीत नंतर, असा क्रम ठेवा.

भाषेचा प्रश्न मात्र आपल्यालाच सोडवायचा आहे. उत्तर मराठीत लिहायची मुभा आहे, पण वाचायला मराठीत मूळ दस्तऐवज जवळपास नाहीत. एकाच वर्गाच्या उत्तरपत्रिकांत 'डिटरन्स'साठी मला 'जरब', 'प्रतिरोधन' आणि 'धाक' असे तीन शब्द मिळाले आणि तिघांच्या मनातली कल्पनाही वेगळी होती.

म्हणून पुढच्या अंकापासून दरमहा एका दस्तऐवजाचे कलमवार मराठी आणि त्यावरचे वर्गात विचारण्याजोगे प्रश्न आपण छापणार आहोत. सुरुवात २ जुलै १९७२च्या सिमला कराराने. त्याच्या चौथ्या कलमात नियंत्रणरेषेचा मान राखण्याविषयी जे वाक्य आहे, त्यात दोन्ही बाजूंच्या मान्य भूमिकांना 'विदाउट प्रेज्युडिस' अशी पुस्ती आहे. 'बाधा न आणता', 'धक्का न लावता' की 'अबाधित ठेवून'? आपापल्या वर्गात हे वाक्य टाका आणि विद्यार्थ्यांची भाषांतरे, त्यांनी त्यामागे दिलेल्या कारणांसह, महिनाअखेरपर्यंत आमच्याकडे पाठवा.