आरोप म्हणजे दोष नव्हे : आष्टी, १९४२

१/ वर्धा जिल्ह्यातील आष्टी. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. गावकरी पोलीस ठाण्यावर चालून गेले. गोळीबारात गावकरी पडले आणि जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. या घटनेविषयी आज जे लिहिले जाते, त्यात एक चूक वारंवार होते : सरकारी दप्तरातील इंग्रजी आरोप हा निकाल समजून वाचला जातो.

२/ आरोपासाठी इंग्रजीत चढत्या पायऱ्या आहेत. ‘ॲलेज’ म्हणजे पुराव्याआधीचे म्हणणे. ‘ॲक्यूज’ म्हणजे विशिष्ट व्यक्तीकडे बोट दाखवणे. ‘चार्ज’ म्हणजे कायद्याचे कलम लावून केलेला आरोप. ‘कन्व्हिक्ट’ म्हणजे न्यायालयाने दोषी ठरवणे. पहिल्या तिन्ही पायऱ्यांवर दोष सिद्ध झालेला नसतो.

३/ मराठीत या पहिल्या तिन्ही शब्दांसाठी सरसकट ‘आरोप’ वापरला जातो, आणि शिक्षा झाल्यानंतरही माणूस ‘आरोपी’च राहतो. हे भाषेचे दारिद्र्य नव्हे. आळ, ठपका, फिर्याद, दोषारोपपत्र, आरोप निश्चिती, सिद्धदोष हे सारे शब्द मराठीत आहेत. तुरुंगाच्या दप्तरातही ‘न्यायाधीन बंदी’ आणि ‘सिद्धदोष बंदी’ वेगळे मोजले जातात. अभाव शब्दांचा नाही, ते वापरण्याच्या शिस्तीचा आहे.

४/ राज्यकर्त्यांना हा भेद ठाऊक नव्हता काय? त्यांच्याच कायद्यात तो होता. तरीही फेब्रुवारी १९४३ मध्ये भारत सरकारने ‘१९४२-४३ च्या उपद्रवांची काँग्रेसवरील जबाबदारी’ या आशयाच्या शीर्षकाची पुस्तिका काढली. तिला रिचर्ड टॉटनहॅम यांची प्रस्तावना होती. आरोपपत्राने धारण करावा तो संशयाचा सूर या शीर्षकात नाही. ‘जबाबदारी’ हा शब्दच निकाल देऊन मोकळा होतो.

५/ ज्यांच्यावर हा ठपका होता, ते गांधीजी ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटेपासून, म्हणजे आष्टीच्या घटनेच्या आठवडाभर आधीपासून, कैदेत होते. आपल्यावरील आरोपांची निःपक्षपाती न्यायाधिकरणापुढे तपासणी व्हावी, अशी त्यांची मागणी होती. १५ जुलै १९४३ रोजी त्यांनी पुस्तिकेला सविस्तर उत्तर पाठवले. खटला कधीच चालला नाही. ६ मे १९४४ रोजी प्रकृतीच्या कारणावरून त्यांची सुटका झाली. ठपका तेवढा छापील राहिला.

६/ आता उलट्या दिशेचा आरोप पाहा. आष्टीच्याच दिवशी चिमूर पेटले होते. तेथे पाठवलेल्या सैनिकांनी व पोलिसांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी पुढे आल्या. त्यांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमातील प्रा. भन्साळी यांनी उपोषण आरंभले. ते ६३ दिवस चालले आणि जानेवारी १९४३ मध्ये संपले. सरकारने त्याच्या बातम्यांवरही निर्बंध घातले.

७/ तराजू येथे उघडा पडतो. सत्तेने प्रजेवर केलेला आरोप पुराव्याची पारख न होताच ‘जबाबदारी’ बनून पुस्तकरूपाने निघाला. प्रजेने सत्तेवर केलेल्या आरोपाच्या चौकशीसाठी मात्र एका माणसाला प्राण पणाला लावावे लागले. शब्दांची पायरी पुरावा ठरवत नव्हता, बोलणाऱ्याची खुर्ची ठरवत होती.

८/ न्यायालयेही मोकळी नव्हती. १९४२ च्या दुसऱ्या वटहुकमाने विशेष फौजदारी न्यायालये उभी राहिली आणि नेहमीची कार्यपद्धती व अपिलाचा हक्क आक्रसला. ४ जून १९४३ रोजी फेडरल कोर्टाने ती न्यायालये अवैध ठरवली. सरकारने लगेच नवा वटहुकूम काढून दिलेल्या शिक्षा सावरल्या. त्या काळातील ‘कन्व्हिक्टेड’ हा शब्द वाचताना कोणत्या न्यायालयाने आणि कोणत्या पद्धतीने, हे विचारावेच लागते.

९/ आष्टी-चिमूर खटल्यांत अनेकांना फाशीची शिक्षा झाली. अनसूयाबाई काळे यांनी कैद्यांचे प्राण वाचवण्यासाठी मोहीम चालवली. उरलेल्या फाशीच्या शिक्षा अखेर १९४५ मध्ये जन्मठेपेत बदलल्या. दोरखंड आणि मान यांच्यात जे अंतर राहिले, ते अशा प्रश्न विचारणाऱ्यांमुळे.

१०/ याचा अर्थ आष्टीत कोणी पोलिसांना मारलेच नाही, असा नव्हे. ते मेले, हे सत्य आहे. पण ‘पोलीस मारले गेले’ हे घटनेचे विधान आहे, ‘अमक्याने मारले’ हा आरोप आहे आणि ‘अमका खुनी’ हा निकाल आहे. तिन्ही वाक्ये एकच समजणारा लेखक, देशभक्त असो वा साम्राज्यभक्त, इतिहास लिहीत नाही. तो फिर्यादीची नक्कल करतो.

११/ म्हणून जुना कागद हाती आला की आधी क्रियापद पाहावे, मग सही. कोण म्हणतो, कोणावर म्हणतो, कोणासमोर सिद्ध केले? आष्टी आज ‘आष्टी (शहीद)’ म्हणून ओळखली जाते. ज्यांना सरकारी दप्तराने दंगलखोर म्हटले, त्यांना गावाने आपल्या नावात जागा दिली. दप्तराची भाषा हाच अंतिम शब्द असता, तर हे घडले नसते.