गणवेश कुणाचा?

द्वारपाल हे पात्र समीक्षेला नेहमीच सोयीचे वाटत आले आहे. तो उंबरठ्यावर उभा असतो. साहजिकच त्याला सत्तेचे, निषेधाचे वा संक्रमणाचे प्रतीक ठरवता येते. एकदा तो प्रतीक झाला की त्याच्या चाकरीचा विचार करण्याची गरज उरत नाही. एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांच्या ‘डेअर लेट्स्टे मान’ (१९२४) या मूक चित्रपटाची समीक्षा हे या वृत्तीचे ठळक उदाहरण होय.

एमिल यानिंग्ज यांनी साकारलेला वृद्ध द्वारपाल जड ट्रंक उतरवून दमतो आणि क्षणभर टेकतो. व्यवस्थापक ते पाहतो. लगोलग त्याची रवानगी हॉटेलच्या तळघरातील स्वच्छतागृहात होते. सोनेरी फितींचा डगला काढून घेतला जातो. घरच्या लग्नासाठी तो रात्री हाच डगला चोरतो.

लोटे आइस्नर यांच्या मते ही खास जर्मन शोकांतिका आहे. गणवेश जिथे राजा असतो तिथेच ती कळावी. जीगफ्रीट क्राकाउअर यांनी १९४७ मध्ये या डगल्यात, चाळकऱ्यांना वंदनीय वाटणारी सर्वोच्च सत्ता पाहिली. नाझी राजवटीच्या अनुभवानंतर असा अन्वय सुचणे स्वाभाविक होते. मात्र वृद्ध नोकर बाजूला कसे सारले जातात हे १९३० च्या ‘डी आंगेश्टेल्टन’ या पगारदारांवरील ग्रंथात याच क्राकाउअर यांनी नोंदवले होते. चित्रपटाकडे वळताच त्यांना नोकर दिसेनासा झाला आणि राष्ट्राचे मन तेवढे दिसू लागले.

द्वारपालाला स्वतःलाच डगल्याचा गर्व होता, असा आक्षेप येथे संभवतो. गर्व होता, यात शंका नाही. पण तो गर्व हॉटेलने उसना दिलेला होता. शेजाऱ्यांचे मुजरे ही वेतनाची अशी भर होती, जिच्यासाठी मालकाला दमडीही मोजावी लागत नव्हती आणि जी केव्हाही परत घेता येत होती. वस्त्र मालकाचे होते म्हणून तर ते अंगावर घालणे चोरी ठरते.

‘गणवेश हरवलेला माणूस’ हे समीक्षेचे आवडते सूत्र तर वस्तुस्थितीलाच धरून नाही. तळघरात त्याला पांढरे जाकीट दिले जाते. तोही गणवेशच आहे! फरक इतकाच, की पहिला रस्त्यावरून दिसावा म्हणून होता आणि दुसरा कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून. दोन्हींखालचे श्रम एकाच नोकराचे आहेत. पाहुण्यांचे डोळे दिपावेत म्हणून नेमलेल्या डगल्याने समीक्षकांचेही डोळे दिपले, एवढाच याचा अर्थ.

शेवटी एका कोट्यधीशाचा वारसा मिळवून देणारा उपसंहार येतो. तो तडजोड म्हणून हिणवला गेला आहे. परंतु त्यात हा माणूस प्रथमच कुठल्याही गणवेशाविना त्याच हॉटेलात जेवायला बसतो, आणि त्यासाठी अशक्यप्राय योगायोगच लागतो. तेथील विडंबन व्यवस्थेचे आहे.

ही दृष्टी जर्मन चित्रपटापुरती मर्यादित नाही. कालिदासाच्या ‘शाकुंतला’तील प्रतिहारीचे नाव वेत्रवती, म्हणजे वेताची काठी बाळगणारी. हुद्द्याची खूण हेच तिचे नाव. आपण हे नाटक पिढ्यान्‌पिढ्या शिकवतो. तिच्या नावापाशी मात्र थांबत नाही. दाराचे रूपकशास्त्र पुष्कळ झाले. दारातल्या नोकराला त्याच्या काठीपासून आणि डगल्यापासून वेगळे करून वाचणे, हे समीक्षेचे काम अद्याप शिल्लक आहे.